‘खबर’ शब्दाची कार्डं

२ एप्रिल १९६६

पोहांगच्या बसने आज जुन्या वर्तमानपत्रांचं आणखी एक बाड आलं. सोलच्या शब्दकोश कचेरीतून पेकने चिठ्ठी जोडली आहे. या वेळी शब्द एकच, ‘खबर’. वीस ते चाळीस सालांतल्या बातम्यांत तो जिथे जिथे सापडेल, तिथलं वाक्य जसंच्या तसं कार्डावर उतरवायचं. खाली तारीख आणि पान. एका वाक्याला एक कार्ड. मोठ्या शब्दकोशाचं हे काम मी कित्येक वर्षं घरबसल्या करतो आहे, त्यामुळे यात लिहून ठेवण्यासारखं काही नाही. लिहितोय एवढ्यासाठी की दिवसभरात दुसरं काहीच झालं नाही.

जोम्नेची खबर नाही.

वाक्य आलंच आहे तर पुढचंही लिहितो. जोम्ने माझी बायको. इथल्या बायका समुद्रात बुडी मारून खडकांवरचा खायचा पाला, कालवं, शंख काढतात, ती त्यांतली एक. मागच्या महिन्यात पाल्याचा हंगाम ऐन भरात असताना ती गायखडकापाशी पाण्यात उतरली. बरोबरच्या सगळ्या वर आल्या. दम घ्यायला ज्याला धरून तरंगतात तो तिचा भोपळा पाण्यावर होता, जाळीसकट. जाळीत पाला होता. एवढंच.

संध्याकाळी भात केला. बाहेर गेलेल्या माणसाचा ठेवतात तसा तिचा वाडगा झाकून, खालून चुलीची धग लागणाऱ्या गरम फरशीवर रजईखाली ठेवला. सकाळी तो गारढोण झालेला असतो आणि मी खातो. एकदाच रांधून दोन वेळा भागतं. सोय आहे.

६ एप्रिल

आज थडग्यांवरचं गवत काढायचा दिवस. सगळं गाव कोयते आणि डबे घेऊन टेकडीवर गेलं होतं. सासूबाई बंधाऱ्यावर बसल्या होत्या. अलीकडे तिथेच असतात. मी मीठ आणायला निघालो होतो, तर त्यांनी हाक मारली.

“जावईबापू, आपण कुठं जायचं?”

“कुठं म्हणजे?”

“आज सगळे जातात. आपण कुठं जायचं?”

मी म्हणालो, “आपलं इथं कुणी नाही.” ते खरंच होतं. सासरे तिकडे जेजू बेटावर पुरले आहेत, माझे आईवडील युद्धात कुठे राहिले ते मलाच माहीत नाही.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा समुद्राकडे वळल्या.

घरी येईपर्यंत वाटत होतं की त्यांना दुसरं काही उत्तर हवं होतं. कुठलं ते सुचलं नाही. मीठ आणायचं राहिलं.

९ एप्रिल

या शब्दाचा पसारा मोठा आहे. जुने बातमीदार त्याला कुठेही कामाला जुंपतात. मंत्र्यांच्या गोटातून खबर येते. तांदळाच्या बाजाराची खबर असते. ‘पावसाची अद्याप खबर नाही’ असं लिहितात, जसा काही पाऊस एखाद्या ओळखीच्या घरचा जावई आहे. मार्चच्या अंकांत दरवर्षी ‘दक्षिणेकडून फुलांची खबर’ हा मथळा. आणि लग्न होऊन वर्ष झालेल्या राजघराण्यातल्या मुलीबद्दल, ‘अजून गोड खबर नाही’.

हा शेवटचा अर्थ आमच्या गल्लीत चांगला पाठ आहे. लग्नाला आठ वर्षं झाली. आठही वर्षं पाणवठ्यावरच्या बायका जोम्नेच्या पोटाकडे बघून विचारायच्या, “काय गं, काही खबर?” ती म्हणायची, “आमच्याकडं मास्तर नुसते कार्डं काढतात, बाकी काही निघत नाही.” त्या खो खो हसायच्या. मला राग यायचा. तिला सांगितलं तर म्हणायची, “हसू दे की. हसण्यावर कर आहे का?”

आता त्याच बायका मला विचारतात, “काही खबर?” शब्द तेच. फक्त आवाज खाली आलाय.

आज कार्डं केली ती अशी: ‘तीन मच्छीमारांची बोट निघाल्यापासून खबर नाही.’ ‘मांचुरियात गेलेल्या मुलाची सात वर्षं खबर नाही.’ ‘कारखान्यातून सुटलेली मुलगी घरी पोचल्याची खबर नाही.’ अक्षर चांगलं आलं. हात अजिबात थरथरत नाही.

१४ एप्रिल

को मावशी आल्या होत्या. बुडी मारणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या, पन्नाशी उलटली तरी सगळ्यांत खोल जातात. हातात ऑक्टोपस, अजून वळवळणारा.

“मास्तर, जेवलात?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

“भात.”

“भातावर?”

त्यांनी ऑक्टोपस घमेल्यात टाकला, वर ताट आणि ताटावर धोंडा ठेवला आणि पायरीवर टेकल्या.

“एक बोलायचं होतं. राग मानू नका.”

“बोला.”

“गायखडकापाशी आम्ही कुणी उतरत नाही, हे तुमच्या कानावर आलं असेल. पोरीचा जीव अजून खाली आहे. गार पाण्यात. तो वर काढल्याशिवाय तिच्या डोक्यावरून आम्ही कशा पोहणार? पाला खडकावरच कुजायला लागलाय. पण पाल्याचं राहू द्या. पाला काय, पुढच्या वर्षीही येतो. तिच्या आईनं त्या दिवसापासून पाण्यात पाऊल घातलेलं नाही. माझ्याच वाटणीतलं नेऊन देते, तर ती शेजारच्या मांजराला घालते.”

“मी काय करू?”

“देवऋषीण यायला तयार आहे. वाडग्यात तांदूळ भरायचे, लांब कापडात बांधून खाली सोडायचा. वर काढला की तांदळात तिचा केस निघतो. केस निघाला की जीव आला. मग त्याला जेवू घालायचं, वाटेला लावायचं. पण कापड नवऱ्यानं धरावं लागतं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ते होत नाही.”

“म्हणजे केस निघाला की ती मेली.”

“केस निघाला की ती वर आली.”

मी म्हणालो की कुणी पाहिलेलं नाही, काही सापडलेलं नाही, एखाद्या बोटीने उचललं असेल, दूरच्या बंदरात उतरवलं असेल. खबर नाही हीच चांगली खबर, अशी म्हण आहे आपल्यात. खबर आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

“मास्तर,” को मावशी उठता उठता म्हणाल्या, “समुद्र काय पोस्टमन आहे?”

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो नाही. जायला हवं होतं. या बाईला मी वाईट बोलू शकत नाही. गाव मला ‘बायकोच्या दमावर जगणारा’ म्हणतं. ‘ती दम रोखते तेव्हा मास्तरांची चूल पेटते’ हे तर पोरंसुद्धा म्हणतात, आणि माझी छाती अधू असल्यामुळे ते शब्दशः खरं आहे. को मावशी मात्र तसं कधी बोलल्या नाहीत.

१५ एप्रिल

ऑक्टोपस उकडला. चिवट झाला, रबर चावल्यासारखा. जोम्ने किती वेळ ठेवायची ते विचारून ठेवायला हवं होतं.

१९ एप्रिल

तेहेतीस सालचे अंक. ‘किनाऱ्यावरची खबर’ असं सदर आहे, त्यातलं वाक्य कार्डावर घेतलं: ‘बाळंतिणीसाठी मागणी असलेला पाला यंदा भाव खातो आहे, अशी पूर्व किनाऱ्याची खबर. तो घडी न घालता, अख्खा, काठीला बांधून देतात. मोडला वा वाकवला तर बाळंतपण अडतं, असा समज असल्याने ग्राहक भावही करत नाहीत.’ वाक्य लांबलं, कार्डाच्या पाठीमागे गेलं. पेकला असं चालत नाही, पण मधलं गाळायचा मला अधिकार नाही.

हे माहीत नव्हतं. इथं पाला रोज पाहतो, पण असल्या रीती बायकांच्या बायकांत राहतात. आमच्याकडे मागच्या खोलीत, बाडांच्या वर, अशीच एक अख्खी पट्टी टांगलेली आहे, माझ्या उंचीची. जोम्नेने काठीला बांधून स्वतः टांगली होती. मी बाड ओढताना तिला धक्का लागला तेव्हा ओरडली होती, “वाकवू नका तिला, मास्तर. ती वेगळी ठेवलीय.” कुणाची मागणी असणार. ज्याने सांगून ठेवली होती तो न्यायला आला नाही अजून.

दुपारपासून पुन्हा हरवलेल्या माणसांच्या जाहिराती. त्यांत एक ठरावीक वाक्य येतं: ‘रागावलो नाही. खबर कळव.’ वेगवेगळी नावं, वेगवेगळी गावं, पण हे वाक्य तेच. कार्डं करत गेलो. ‘आई अंथरुणाला खिळली. रागावलो नाही. खबर कळव.’ ‘झालं गेलं विसरलो. रागावलो नाही. खबर कळव.’ एवढ्या कमी शब्दांत एवढं चांगलं लिहिलेलं मी फार वाचलेलं नाही.

२० एप्रिल

सासूबाई आल्या. त्या दिवसापासून पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. मला कळलं, को मावशींनी पाठवलं असणार. मी मागच्या खोलीत काम करत होतो, तिथेच आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, सगळं हाताने चाचपतात. बाडांना हात लावत लावत भिंतीपर्यंत गेल्या आणि हात त्या पट्टीवर पडला.

“हे काय?”

“पाला.”

“अख्खा?”

“हो.”

वरपासून खालपर्यंत त्यांनी ती चाचपली, काठी, दोरीची गाठ, शेवटचं टोक. “गाठ तिची आहे. कधी टांगलं?”

“त्या आधी दोन-तीन दिवस.”

“तुम्हांला काही बोलली?”

“वाकवू नका म्हणाली.”

“आणखी काही?”

“नाही. तुम्हांला कुणाला द्यायचाय का? ज्याने सांगितला तो आलाच नाही.”

त्या खाली बसल्या. मी पाणी दिलं. प्यायल्या नाहीत, नुसतं हातात धरून बसल्या. मी मनात तयारी करत होतो की आता कापडाचा विषय निघेल, आणि कोणत्या शब्दांत नाही म्हणायचं ते जुळवत होतो. पण विषय निघालाच नाही. पेला खाली ठेवून म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही दिवसभर काय वाचता हो?” मी म्हणालो, जुन्या बातम्या. “हं,” म्हणाल्या, आणि भिंतीचा आधार घेत उठल्या.

जाताना पुन्हा एकदा पट्टीला हात लावला. म्हातारपणी माणसं कशातही जीव गुंतवतात. मी परत कार्डांना बसलो.

२८ एप्रिल

पेक स्वतः आला. बसमधून उतरला तोच ओकारी काढत. शहरात राहून पार मऊ झालाय. आम्ही एका शाळेत शिकवत होतो, तेव्हापासूनचा माणूस, त्यामुळे त्याला माझ्याशी गोड बोलायची गरज पडत नाही. एक बाटली घेऊन आला होता. जोम्नेबद्दल पत्रात लिहिलं होतं तेवढंच परत बोलला. मग कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेतला.

बराच वेळ कार्डं उलटत राहिला. मी सुकी मासळी भाजली.

“हे काय केलंयस?” तो म्हणाला.

“का? चुकलंय काही?”

“एक काना चुकला नाही. पण हे बघ, खबर नाही, खबर नाही, खबर नाही, खबर कळव, खबर नाही. अरे, हा शब्दकोश आहे की पोलीस चौकी? सगळी हरवलेलीच माणसं! फुलं कुठं गेली?”

“फुलं नव्हती.”

त्याने उठून एक अंक काढला, मीच खूण घातलेलं पान होतं ते, आणि बोट ठेवलं. माझ्या कार्डावर होती ती बेपत्ता बोटीची बातमी खाली होती. तिच्या बरोबर वर, दुप्पट मोठ्या अक्षरांत, ‘दक्षिणेकडून फुलांची खबर’. मग दुसरा अंक काढला. तिसरा काढला. प्रत्येक पानावर मी घेतलेल्या वाक्याच्या शेजारीपाजारी काहीतरी होतंच, लोणच्याच्या कोबीची खबर, नाटक मंडळीची खबर, जुळ्यांची खबर.

“हे तुला दिसलंच नाही?”

सुरुवातीला फुलं दिसली होती, नंतर नाही. मी खरंच सांगितलं. पानावरून डोळा फिरवतो तेव्हा बाकीचं करडं दिसतं, एवढंच वाक्य काळं दिसतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, मी म्हणालो. पेकने माझ्याकडे असं बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं, आणि त्याने पेला भरून पुढे केला.

पिऊन झाल्यावर म्हणाला, “त्या बायका म्हणतात ते करून टाक, सोकग्यू.”

“तुझा विश्वास आहे असल्यावर?”

“माझ्या विश्वासाला कोण विचारतंय?”

मी झोपल्याचं सोंग घेतलं. सकाळी पहिल्या बसने गेला. कार्डं नेली नाहीत, फुलांसकट परत कर म्हणाला.

५ मे

पोहांगला जाऊन आलो. एकट्याने एवढा प्रवास बऱ्याच दिवसांनी केला. बस घाटात दमते तसा मीही दमलो.

तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पेकच्या बोलण्याने डोक्यात आलं की मी नुसता वाचत बसलो आहे, केलं काहीच नाही. त्या जुन्या बापांनी निदान जाहिरात तरी दिली. मजकूर घरून लिहूनच नेला होता, त्यामुळे वेळ लागला नाही. ‘ग्यांग जोम्ने हिस. घरी ये. रागावलो नाही. खबर कळव. मा सोकग्यू, चोंगाम.’

खिडकीवरच्या कारकुनाने तो वाचला, मग मला आपादमस्तक न्याहाळलं. “कशाबद्दल रागावला होतात?”

“कशाबद्दल नाही. असं लिहायची पद्धत आहे.”

“बरं,” तो म्हणाला आणि हसू दाबलं. “पहिल्या पानावर टाकू की आत, बाकीच्यांबरोबर?”

मी म्हणालो, बाकीच्यांबरोबर.

येताना बरं वाटत होतं. काहीतरी केल्यासारखं.

९ मे

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नीट लिहून ठेवतो.

जाहिरात काल छापून आली आणि आज बसबरोबर गावात पोचली. मी पाणी आणायला गेलो तर पाणवठ्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. सरपंचाच्या सुनेने तोंडावर पदराएवढा टॉवेल धरला होता, पण डोळे हसत होते. मला काहीच कळेना. दुकानात गेलो तर दुकानदार मोठ्या मनाने म्हणाला, “जाऊ द्या, मास्तर. जगात बायका काय कमी आहेत?”

अंगणात को मावशी उभ्या होत्या. हातात तोच अंक, घडी करून.

“हे तुम्ही छापलंत?”

“हो.”

“वाचून दाखवा मला. मला अक्षर येत नाही, दुकानदाराने वाचलं ते मी मानत नाही. तुम्ही वाचा.”

मी वाचलं. वरची जाहिरात कुणा ट्रक ड्रायव्हरने दिलेली होती, पोरं टाकून गेलेल्या बायकोला. खालची एका शिंप्याची, शिवणयंत्र घेऊन पसार झालेल्या बायकोला. दोन्हींत रागावलो नाही, दोन्हींत खबर कळव. मधे आमची.

“या रांगेत कुणाच्या बायका असतात, ठाऊक आहे तुम्हांला?”

मला तेव्हा कळलं. खरं म्हणजे जुन्या अंकांतही तेच असणार. मी एवढी कार्डं केली, आणि हे लोक कुणावर रागावले होते याचा विचारच केला नाही.

“गाव म्हणतंय जोम्ने कुणाबरोबर तरी पळाली,” को मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं. “भोपळा सोडून दिला, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि पळाली. नवऱ्यानंच छापलंय म्हणतात, मग खोटं कसं? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, मास्तर. माझ्या शेजारी उतरली होती पोर. ‘मावशी, एक बुडी, मग घरी जाते, आज मास्तरांशी बोलायचंय,’ असं म्हणून गेली खाली. आणि तुम्ही तिला शिंप्याच्या बायकोशेजारी नेऊन बसवलंत.”

“काय बोलायचं होतं?”

“ते मला काय माहीत? तुमचं तुम्हांला माहीत.”

मला माहीत नाही. त्या दिवशी सकाळी आमचं काही भांडण नव्हतं, काही अर्धवट राहिलेलं नव्हतं. ती जाताना मी मान वर केली होती की नाही, तेवढं आठवत नाही.

त्यांच्या मागे फाटकाबाहेर सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. त्या आत आल्या नाहीत. तिथूनच विचारलं, “जावईबापू, माझी पोर पळाली का?”

“नाही.”

“मग कुठं आहे?”

एक साधा शब्द लागत होता, रोज शंभर वेळा वाचतो असला. तो येईना. सासूबाई वाट बघत उभ्या राहिल्या, को मावशी जमिनीकडे बघत. कुणीतरी गल्लीतून जाताना थांबलं आणि पुढे गेलं.

“कापड मी धरीन,” मी म्हणालो.

१२ मे

देवऋषिणीने दिवस काढून दिला. वाडगा, कापड, कोंबडा, फळं, सगळं को मावशी बघतायत. मला फक्त आंघोळ करून यायचं आहे. एक चांगलं झालं, गावातली कुजबुज थांबली. जीव वर काढायचा म्हणजे पोर पाण्यातच आहे, हे सगळ्यांना पटलं. छापलेल्यापेक्षा त्यांना हे जास्त खरं वाटतं.

मला भीती वाटते. केस निघाला तर काय, आणि नाही निघाला तर काय. बाकी काही वाटत नाही. जेवण जातं, झोप लागते.

१७ मे

आज झालं.

सकाळपासून गायखडकावर ढोल. सगळ्या बुडीवाल्या पांढऱ्या कपड्यांत बसल्या होत्या. देवऋषीण म्हातारी आहे, आवाज फाटलेला, पण बोलायला साधी. मला म्हणाली, “बाळा, कापड घट्ट धरू नकोस. तिला यायचं असेल तर तिचं तिला येऊ दे.” वाडग्यात तांदूळ शिगोशीग भरले, तोंड कापडाने बांधलं, आणि मी लांब पांढरं कापड हळूहळू सोडत गेलो. पाणी हिरवं होतं. वाडगा दिसेनासा झाला. देवऋषीण जोम्नेला नावाने हाका मारत होती, घरच्यासारख्या, उठ गं, चल गं, आई आलीय, नवरा आलाय, गार लागलं असेल, चल.

वर काढला. तांदूळ बघायचे. देवऋषीण म्हणाली, आईने बघावं. सासूबाईंनी डोळ्यांजवळ वाडगा नेला आणि मान हलवली. “मला दिसत नाही. यांना द्या. अक्षरं बघणारा माणूस आहे, याच्या नजरेतून काही सुटत नाही.”

मी बघितलं. बोटाने बाजूला करत तळापर्यंत बघितलं. तांदूळ होते.

नाही म्हणालो. पुन्हा वाडगा भरला, पुन्हा सोडला, पुन्हा हाका. नाही. बायकांच्या चेहऱ्याकडे मी बघत नव्हतो. तिसऱ्या खेपेला भरती लागली, खडकाच्या खालच्या पायऱ्या बुडायला लागल्या, देवऋषिणीचा आवाज बसला. को मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, “याच्यानंतर आज होणार नाही.” सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या, तोंड वाडग्याच्या दिशेला, डोळे उघडे. एकदाही रडल्या नव्हत्या. मार्चपासून एकदाही नाही, माझ्यासारख्याच.

मी वाडग्यात बघितलं. ओले तांदूळ, स्वच्छ. माझ्या चष्म्याचा नंबर ठीक आहे. काहीही नव्हतं.

“आहे,” मी म्हणालो.

कुणीतरी हुंदका दिला आणि मग सगळ्याच सुटल्या. आपल्या तोंडून काय निघालं ते मला तेव्हा कळलं. आहे म्हणालो, आणि जोम्ने गेली. इतके दिवस गेली नव्हती, माझ्या एका शब्दाने गेली.

सासूबाईंनी हात पुढे केला, माझं मनगट सापडेपर्यंत हवेत चाचपलं. मनगट घट्ट धरलं.

“नीट बघ,” त्या म्हणाल्या. मला त्या कधी एकेरीत हाक मारत नाहीत. “नीट बघ, बाळा. एकच आहे, की दोन?”

“दोन कशाला?” असं विचारायला मी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. आज मास्तरांशी बोलायचंय. वाडगा हातातून सुटला, तो पडता पडता को मावशींनी सावरला. सासूबाई मनगट सोडेनात. त्या पट्टीला हात लागल्यापासून त्यांना सत्तावीस दिवस ठाऊक होतं आणि त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

ढोल थांबला होता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“दोन,” मी म्हणालो. “एक लांब आहे. एक अगदी बारीक.”

तेव्हा मी रडलो. सासूबाईही रडल्या, डोकं माझ्या दंडावर आपटत. देवऋषिणीने वाकून वाडग्यात बघितलं, मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि को मावशींकडे वळून पुडी बांधायला पांढरे कागद मागितले, दोन.